हातचा कुठे ठेवायचा?

पाचवीच्या वर्गात मी फळ्यावर बेरीज मांडत होते. ४७८ अधिक २५७. "आठ नि सात पंधरा, पंधराचे पाच खाली, हातचा एक इथे वर," असं म्हणत मी खडूने एक काढला. पहिल्या बाकावरून आवाज आला, "बाई, हातचा कुठे ठेवायचा?"

त्या मुलीला जन्मापासून दिसत नव्हतं. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत तिचं नाव घालून जेमतेम दोन आठवडे झाले होते. मला गणित शिकवायला लागून एकोणीस वर्षं झाली होती, आणि त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. "लक्षात ठेव गं," मी म्हणाले. ती म्हणाली, "ठेवते की. पण दोन-तीन हातचे झाले की पहिला सांडतो."

घरी जाताना एसटीत मी तिचं वाक्य घोळवत होते. 'हातचा' हा शब्द मी आयुष्यात किती वेळा उच्चारला असेल याची गणती नाही, पण त्यातला हात मला त्या दिवसापर्यंत ऐकूच आला नव्हता. आपण हातचा कागदाच्या कोपऱ्यात लिहितो आणि विसरून जातो. विसरता यावं म्हणूनच लिहितो. तिच्याकडे तो कोपराच नव्हता.

तोंडी हिशेबात तिच्या जवळपास येईल असं वर्गात कुणी नव्हतं. आजोबांनी तिला पाढ्यांबरोबर पावकी-निमकी-पाऊणकीही शिकवली होती. "पाच पाव सव्वा, सहा पाव दीड, सात पाव पावणेदोन" हे ती अशा ठेक्यात म्हणायची की मागच्या बाकांवरची मुलं बाक वाजवायची. म्हणून शाळेत सगळ्यांचं एकच म्हणणं होतं: हिला तोंडी येतंय, मग आणखी काय पाहिजे? मलाही काही दिवस तसंच वाटलं. पण पाच अंकी भागाकार तोंडी करायचा म्हणजे भाज्य, भाजक, आतापर्यंतचा भाग, उरलेली बाकी, खाली घेतलेला अंक, सगळं एकाच वेळी डोक्यात उभं धरायचं. डोळस मुलाला आपण असं करायला कधी सांगत नाही. त्याला कागद-पेन्सिल देतो आणि त्याला 'विशेष साधन' म्हणत नाही.

ब्रेल तिला येत होतं. मग ब्रेलमध्येच बेरीज का करू नये, असं मी आमच्याकडे येणाऱ्या फिरत्या विशेष शिक्षकांना विचारलं. उत्तर न देता त्यांनी ब्रेल पाटी आणि टोचा माझ्या हातात दिला. पाटीवर कागद अडकवायचा आणि उजवीकडून डावीकडे टोचत जायचं. टिंबं कागदाच्या पलीकडच्या बाजूला उठतात, म्हणून प्रत्येक अक्षर उलटं टोचायचं. कागद काढून उलटा केला की ते डावीकडून उजवीकडे सुलट वाचता येतं. पत्र लिहायला, निबंध लिहायला हे उत्तम. पण बेरजेत प्रत्येक पायरीला आधीचं वाचावं लागतं, आणि इथे लिहिणाऱ्याचा हात एका बाजूला आणि लिहिलेलं कागदाच्या दुसऱ्या बाजूला. अंक टोचायचा, कागद काढायचा, वाचायचा, परत त्याच ओळीत, त्याच घरात बसवायचा. मी दोन अंकी बेरीजही पूर्ण करू शकले नाही. ब्रेलचं टंकयंत्र असेल तर लिहिलेलं लगेच वाचता येतं, पण ते महाग, आणि आमच्याकडे नव्हतं.

पुढच्या मंगळवारी ते विशेष शिक्षक, म्हणजे आमचे सर, 'टेलर फ्रेम' नावाची पाटी घेऊन आले.

तिचं वर्णन जरा सावकाश करते, कारण गणिताच्या कितीतरी शिक्षकांनी ही वस्तू पाहिलेलीच नसते. अॅल्युमिनियमची जाड पाटी, तिच्यावर रांगांनी भोकं. प्रत्येक भोक आठ कोनांचं, चांदणीसारखं. सोबत एका डब्यात शिशाचे चौकोनी बारके खिळे, त्यांना 'टाइप' म्हणतात. टाइपाच्या एका टोकाला एका कडेशी उठलेली रेघ असते, दुसऱ्या टोकाला दोन टोचरी टिंबं. चौकोनी टाइप आठ कोनांच्या भोकात आठ प्रकारे बसतो. रेघ वर ठेवून एकेक घर फिरवत गेलं की एक ते आठ हे अंक होतात. नऊ, शून्य आणि बेरीज-वजाबाकीसारखी चिन्हं यांच्यासाठी टाइप उलटा करून टिंबांचं टोक वर आणायचं. आठ आणि आठ सोळा खुणा, आणि त्या सगळ्यांना लागणारा खिळा एकच. बीजगणितासाठी वेगळे टाइप मिळतात.

तिने पहिला टाइप उचलला तो क्षण मला आठवतो. तो तिने आधी ओठांना लावला, मग अंगठा आणि तर्जनीत धरून गरगर फिरवला, रेघ कुठे आहे ते शोधलं आणि भोकात सोडला. टक्. मग त्याच्यावरून तर्जनी फिरवली. दाब अगदी हलका, पिकलेल्या अंजिरावरून फिरवावी तशी. पहिली बेरीज तीच मांडली, ४७८ अधिक २५७. पंधराचे पाच खाली ठेवले. मग डावा हात वर गेला आणि दशकाच्या घरावरच्या रिकाम्या भोकात तिने एक टाइप बसवला. टक्. "हातचा," ती म्हणाली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून थोडा वेळ नुसती बसून राहिली.

ही पाटी नवी नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या यॉर्कच्या अंधशाळेचे अधीक्षक रेव्हरंड विल्यम टेलर यांच्या नावाने ती ओळखली जाते. तिच्याही मागे शंभरेक वर्षं जावं तर निकोलस सॉंडरसन भेटतात, आणि या माणसाबद्दल मी वर्गात दरवर्षी सांगत आले. १६८२ साली यॉर्कशरमध्ये जन्म, वर्षाचे असताना देवीच्या रोगात दृष्टी गेली. १७११ मध्ये ते केंब्रिजला गणिताचे ल्युकेशियन प्राध्यापक झाले. काही वर्षांपूर्वीपर्यंत न्यूटन ज्या जागेवर होते, तीच ही जागा. मृत्यूपर्यंत, म्हणजे १७३९ पर्यंत, ते तिथेच शिकवत होते, आणि त्यांच्या विषयांत प्रकाशशास्त्रही होतं. आकडेमोडीसाठी त्यांनी स्वतःच एक पाटी बनवली होती. तिच्यात भोकांचे चौकोन, एकेका चौकोनात नऊ भोकं, आणि टाचण्या दोनच प्रकारच्या, मोठ्या डोक्याची आणि लहान डोक्याची. मोठी मधोमध एकटी असली तर शून्य. लहान मधोमध असली तर एक. मोठी मधोमध ठेवून लहान टाचणी भोवतालच्या आठ भोकांपैकी कुठे आहे, त्यावरून दोन ते नऊ. लुई ब्रेल यांचा जन्म १८०९ चा. म्हणजे स्पर्शाने वाचायची लिपी येण्याच्या शंभर वर्षं आधी एका माणसाने स्वतःच्या हातच्याला जागा करून घेतली होती.

पाटी आल्यावर सगळं सुरळीत झालं असं नाही. पहिली अडचण तर आपल्या मराठीनेच आणली.

मी म्हणायचे "सत्तावीस मांड." तिच्या कानावर आधी सात पडायचे, हात टाइप फिरवून सात तयार करायचा आणि डावीकडच्या घरात सोडायचा. मग वीस. पाटीवर बहात्तर. डोळस मुलंही असं चुकतात, पण त्यांना अख्खी संख्या एका नजरेत दिसते आणि चूक खटकते. तिला ती भोकाभोकाने तपासावी लागायची. एकोणचाळीस, एकोणपन्नास यांनी तर छळ मांडला. कानाला चाळीस ऐकू येतात आणि हाताने मांडायचे तीन नि नऊ. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'सत्तावीस'सोबत 'वीस सात' अशी वाचनपद्धत आली तेव्हा महाराष्ट्रभर केवढी टवाळी झाली होती. ज्येष्ठ गणितज्ञ मंगला नारळीकर बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या आणि त्या शांतपणे बाजू मांडत राहिल्या. मला स्वतःला सत्तावीस हा शब्द प्रिय आहे, तो जाऊ नये असंच वाटतं. पण त्या टवाळीत मला भाग घेता आला नाही. तिच्यासाठी मी कितीतरी आधीपासून वर्गात "सत्तावीस, वीस सात" असं जोडीने म्हणत होते, आणि त्याने मागच्या बाकांवरच्या चार-पाच मुलांचेही उलटे आकडे थांबले होते.

पाटीचा एक फायदा मात्र मला सरांनीही सांगितला नव्हता. सहावीत कोन शिकवायला घेतले. कोनमापक, कंस, अंश, मुलं नेहमीसारखी गोंधळली. ती म्हणाली, "बाई, तीनचा पाच केला की काटकोन होतो ना?" मला कळेना. तिने टाइप हातात घेऊन दाखवलं. रेघ तीनच्या जागेवर, मग फिरवून पाचच्या जागेवर. एकेका अंकाला ४५ अंशांचं वळण, दोन अंकांना ९०. एकचा पाच केला तर सरळ कोन. वर्षभर ती मनगटाने कोन मोजत होती आणि त्याला कोन म्हणतात एवढंच तिला कुणी सांगितलं नव्हतं.

बऱ्याच जणांना अबॅकस जास्त आवडतो, आणि त्यालाही चांगली कारणं आहेत. जपानी सोरोबानवरून अमेरिकेतल्या टिम क्रॅनमर यांनी १९६०च्या दशकात अंधांसाठी तो बेतला. तेरा दांड्या, प्रत्येकीवर वर एक नि खाली चार मणी, आणि मण्यांच्या पाठीशी नमद्याचं कापड, म्हणजे बोट लागून मणी आपोआप घसरत नाहीत. हलका, दप्तरात मावणारा, सांडायला काहीच नाही. टेलर फ्रेम धक्का लागून उपडी झाली की अख्खं गणित जमिनीवर विखुरतं आणि मूल गुडघ्यांवर बसून टाइप गोळा करत राहतं. हे मी पाहिलंय आणि ते पाहवत नाही. तरी शिकवणारी म्हणून माझं मत पाटीच्या बाजूने आहे. अबॅकसवर उत्तर राहतं, वाट पुसली जाते. पाटीवर हातचे, बाक्या, आधीचे आकडे जिथल्या तिथे राहतात. चूक कुठे झाली हे बोट मागे नेऊन शोधता येतं, आणि चूक शोधता आल्याशिवाय गणित शिकता येत नाही. हिशेबाला अबॅकस, शिकायला पाटी. सर माझ्याशी याबाबत कधीच सहमत झाले नाहीत.

सातवी-आठवीपासून लिहिण्याचा प्रश्न आला. ब्रेलमध्ये अंक अक्षरांचेच असतात. अंकचिन्ह आधी टोचलं की अ म्हणजे एक, ब म्हणजे दोन, च म्हणजे तीन. आणि ते अंकचिन्ह म्हणजे भारती ब्रेलमधला, म्हणजे भारतीय भाषांच्या ब्रेलमधला, ण. (ती 'ण'ला "गणितातला ण" म्हणायची.) इथवर ठीक. पण गणित आपण कागदभर पसरून लिहितो. अपूर्णांकात अंश वर, छेद खाली, घातांक खांद्यावर, वर्गमूळाचं छप्पर. ब्रेल एका ओळीत चालतं, त्याला वर-खाली माहीत नाही. मग अपूर्णांक सुरू झाला, रेघ आली, अपूर्णांक संपला, अशा खुणा लागतात. हे शिस्तीत बसवलं ते अब्राहम नेमेथ यांनी, तेही जन्मांध. न्यूयॉर्कच्या या मुलाला गणित हवं होतं, पण अंधाला ते झेपायचं नाही म्हणून सल्लागारांनी त्याला मानसशास्त्राकडे वळवलं. पुढे तो गणिताकडे परतला, स्वतःच्या गरजेपोटी चिन्हं रचत गेला, आणि १९५२ मध्ये नेमेथ संहिता प्रसिद्ध झाली. नंतर त्यांनी डेट्रॉइटच्या विद्यापीठात अनेक वर्षं गणित शिकवलं. नेमेथ संहितेत अंक सहा टिंबांच्या घरात खालच्या बाजूला सरकवलेले असतात, म्हणून अक्षराशी घोटाळा होत नाही. मी ती संहिता तिच्याबरोबरच शिकले, वहीत टिंबं काढून काढून. माझी बोटं अजूनही ती वाचू शकत नाहीत, मी डोळ्यांनीच वाचते.

भूमितीच्या वेळी मात्र माझ्याकडून असं काही झालं की ते लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

उठावाच्या आकृत्या काढायचं सामान असतं. रबरी चटईवर प्लास्टिकचा पातळ कागद ठेवून बॉलपेनने जोर देऊन रेघ ओढली की ती तिथेच उठते. आमच्याकडचे ते कागद संपले होते. मग मी शिंपी वापरतात ते दातेरी चाक आणलं. करंज्यांच्या कातणीसारखंच, फक्त दाते टोकदार. जाड कागद रबरावर ठेवला, चाक फिरवलं, मागच्या बाजूला टिंबांची सुरेख रेघ उठली. काटकोन त्रिकोण काढला. कागद पालटला, शिरोबिंदूंपाशी ब्रेलमध्ये ए, बी, सी चिकटवलं आणि तिच्यापुढे ठेवला. प्रश्न असा, कोन बी काटकोन आहे, तर कर्ण कोणता?

तिने बोटं फिरवली. दोनदा फिरवली. म्हणाली, "बाई, काटकोन सीपाशी आहे."

"अगं, बीपाशी आहे. नीट बघ."

"बघितलं. सीपाशीच आहे."

मी पुस्तकातली आकृती बघत होते. पुस्तकात तो बीपाशी होता, मीही बीपाशीच काढला होता. माझ्या आवाजात जरा धार आली असावी, कारण वर्ग गप्प झाला. ती म्हणाली, "तुम्ही हात लावून बघा ना."

मी हात लावला. काटकोन सीपाशी होता. कागद पालटल्यावर आकृतीची डावी बाजू उजवीकडे गेली होती आणि नावं मी माझ्या डोक्यातल्या चित्राबरहुकूम चिकटवली होती. त्यातलं वाईट ते वेगळंच. आदल्या आठवड्यात याच तऱ्हेच्या चार आकृत्यांवर मी तिची चाचणी घेतली होती आणि तीन उत्तरं चूक ठरवली होती. ते कागद मी कपाटातून काढले आणि एकेक करून बोटांनी तपासले. तिन्ही उत्तरं बरोबर होती. मी वर्गासमोर तसं सांगितलं आणि गुण दुरुस्त केले. पण एक आठवडा ती मुलगी स्वतःच्या बोटांवर संशय घेत हिंडली होती, तो आठवडा मला परत देता आला नाही.

त्या दिवाळीच्या सुट्टीत मी मुंबईतल्या एका अंधशाळेत दोन दिवस जाऊन बसले. तिथल्या गणिताच्या सरांना स्वतःला दिसत नव्हतं. त्यांनी पहिल्याच तासाला माझी सवय मोडली. मी एका मुलाचा हात धरून आकृतीवरून फिरवायला गेले, तर म्हणाले, "ताई, त्याचा हात धरू नका. तुमचे डोळे कुणी असे धरून फिरवले तर चालेल का? तुमचा हात खाली ठेवा, त्याचा वर येऊ द्या. तो सोडून जाईल तेव्हा जाऊ द्या." तसं करून पाहिलं. मुलाची बोटं माझ्या बोटांवर आली, थोडं अंतर सोबत आली, मग सोडून स्वतःच्या वाटेने गेली आणि मला ठाऊक नसलेल्या ठिकाणी थांबली. नजर आधी अख्खं चित्र घेते आणि मग तुकडे पाहते. बोटं आधी तुकडे घेतात, मग मनात अख्खं जुळवतात. त्याला वेळ लागतो. त्या वेळात शिक्षकाने बोलू नये, हे मी तिथे शिकले, आणि बोलण्यावर पोट असलेल्या माणसाला ते फार जड जातं.

त्याच सरांनी घनाची गोष्ट समजावली. पुस्तकात घन काढतात तो म्हणजे एक चौकोन, त्याच्यामागे सरकलेला दुसरा, आणि तिरक्या जोडरेघा. आपण त्याला घन म्हणतो कारण लांबची वस्तू लहान नि तिरकी दिसते हे डोळ्याला ठाऊक असतं. हाताला काहीही लांबून लहान लागत नाही. खोक्याची प्रत्येक बाजू चौकोनी, प्रत्येक कोपरा काटकोनी, हे हाताचं ज्ञान आहे आणि तेच खरं आहे. म्हणून पुस्तकातलं चित्र नुसतं उठावाचं करून दिलं की झालं, असं नसतं. बोटाला रेघांमध्ये अंतर लागतं, गर्दी झाली की सगळा चिखल होतो. कुठलं चित्र टाकायचं, कुठलं दोन भागांत फोडायचं, कुठे चित्राऐवजी वस्तूच द्यायची, हे ठरवणं हे स्वतंत्र काम आहे. दिल्लीच्या आयआयटीतल्या एका गटाने एनसीईआरटीच्या पुस्तकांतल्या आकृत्यांवर अशी मेहनत घेतली आहे. मराठी माध्यमाच्या प्रत्येक मुलापर्यंत असं काम पोचावं ही माझी फार इच्छा आहे.

परत आल्यावर पृष्ठफळाच्या धड्याला मी चहापत्तीचे रिकामे खोके आणले. तिने एक खोका हातात घेतला, कडा मोजल्या, मग चिकटवलेली बाजू नखाने सोडवून तो बाकावर पसरला. सहा आयत, एकमेकांना जोडलेले. "म्हणजे सगळ्यांची बेरीज," ती म्हणाली. शेजारच्या मुलांनी ते पाहिलं, आणि दहा मिनिटांत अख्ख्या वर्गाला खोका हवा होता. फ्रान्समधले बर्नार मोरँ नावाचे गणिती लहानपणीच काचबिंदूने अंध झाले. गोलाचा पृष्ठभाग न फाडता आतून बाहेर कसा उलटवायचा, ही कल्पनेलाही अवघड अशी गोष्ट त्यांनी विसाव्या शतकात मातीच्या प्रतिकृती बनवून उलगडली. आत नि बाहेर एकदम हाताळणं त्यांना जमत होतं. तिला मी ही गोष्ट सांगितली तेव्हा तिने विचारलं, "त्यांना माती कुणी आणून दिली?" मला वाटतं, या सगळ्या विषयातला खरा प्रश्न तिने विचारला होता.

कारण नववीच्या सुरुवातीला तिच्या वडिलांना शाळेत बोलावून सांगण्यात आलं की मुलीला दहावीला गणिताऐवजी दुसरा विषय घ्यायची सवलत आहे, अर्ज भरून टाका. सांगणारा माणूस वाईट नव्हता. त्याला मुलीचा त्रास वाचवायचा होता, आणि शाळेला निकालाची काळजी होती. वडिलांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं स्पष्ट दिसत होतं. सवलतीवर माझा राग नाही. ज्याला नकोच आहे त्याला दार असावं. पण आपल्याकडे ते दार आधी उघडतात आणि मुलाला तिथूनच बाहेर पाठवतात, आणि मग अंधांना गणित येत नाही हे सिद्धच होतं. दिल्लीच्या अंध कार्तिक साहनींना अकरावीत विज्ञान घेण्यासाठी सीबीएसईकडे झगडावं लागलं, आणि तिथून ते स्टॅनफर्डला गेले, ही फार जुनी गोष्ट नाही. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा समावेशक शिक्षण द्यायला सांगतो. कायदा टाइप आणून देत नाही, ते कुणीतरी आणावे लागतात.

त्या दिवशी ऑफिसात तिला कुणी काही विचारलं नव्हतं. तिनेच विचारलं, "गणित सोडलं तर गणिताच्या तासाला मी कुठे बसू?"

अर्ज तसाच राहिला. मार्च २०१९ मध्ये तिने गणिताचे दोन्ही पेपर दिले. तासाला २० मिनिटं जादा, आणि खालच्या वर्गातला लेखनिक. ती पाटीवर मांडायची, मग बोटाने वाचत वाचत सांगायची. "कंस सुरू, एक्सचा वर्ग, वजा पाच एक्स, कंस पूर्ण." लेखनिकाला एक्सचा वर्ग आणि दोन एक्स यांतला फरक कळावा म्हणून त्याला आम्ही आठ दिवस आधीपासून बसवलं होतं. ती पास झाली. भूमितीत तिला माझ्या अंदाजापेक्षा जास्त गुण पडले, बीजगणितात कमी.

पाटी शाळेची नव्हती, योजनेतली होती. निकालानंतर सर ती न्यायला आले. शेजारच्या तालुक्यात तिसरीतल्या एका मुलाला ती द्यायची होती. तिने डबा उघडून टाइप मोजले, तीन कमी भरले. एक तिच्या दप्तराच्या अस्तरात सापडला. मग तिने पाटी मांडीवर घेतली आणि उजव्या हाताची तर्जनी खालच्या ओळीच्या शेवटाशी नेली. तिथे दोन भोकांत पूर्वी कधीतरी टाइपांची तुटलेली टोकं अडकली होती. आम्ही पिन घालून, सुई घालून पाहिलं होतं, निघाली नव्हती.

"सर, त्याच्या बाईंना सांगा," ती म्हणाली, "खालच्या ओळीत उजवीकडची दोन घरं बंद आहेत. त्याला एकक तिसऱ्या घरापासून धरायला सांगा. नाहीतर त्याला वाटेल, त्याचंच चुकतंय."